सातवं पत्र, रजिस्टर्ड

श्रीयुत ऑनिल थिबोदो,
हे पत्र नाही उघडलंत तरी चालेल.
पोचपावतीवर तुमची सही झाली की पुरे,
असं मला सांगण्यात आलंय.

आधीच्या सहांत मी काही ना काही मागत होते.
पहिल्यात तुमच्या गुडघ्याची चौकशी,
आणि शेवटी, जाता जाता, बाबांच्या मृत्युपत्राची.
दुसऱ्यात फक्त मृत्युपत्राची.
चौथ्यात ‘आदरणीय’ गळालं.
सहावं लाल शाईत लिहिलं, मग लाज वाटली,
निळ्या शाईत पुन्हा उतरवून काढलं.

बाबांना जाऊन एकवीस महिने झाले.
मृत्युपत्र दीड पानाचं. घर रोझेल्माला,
बोट ओझीमला, बँकेतलं उरेल ते मला,
आणि हे ज्याचं त्याला द्यायला तुम्ही.
व्यवस्थापक तुम्हीच, वकीलही तुम्हीच.
“ऑनिल आहे ना,” बाबा म्हणायचे,
अख्खी खाडी गोठली तरी
ऑनिल असणारच, अशा आवाजात.

जानेवारीत घराचे पाइप फुटले.
रोझेल्माला दुरुस्ती करता येईना, घर अजून तिचं नाही;
विकता येईना, कारण तेच.
स्वयंपाकघरात पाण्याचा बर्फ झाला,
त्यावरून तिनं बाबांची खुर्ची घसरत घसरत बाहेर आणली,
आणि तीही परत ठेवून आली.
खुर्ची कुणाची, हेही ठरायचंय ना.
बोट यार्डात आहे. दोन हंगाम लॉबस्टर
तिच्याशिवाय आले आणि गेले.
परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर;
मेलेला माणूस पिंजरे टाकत नाही.

कुंपणानं शेत खाल्लं, असं मी म्हणणार नाही.
हिशेब बघितल्याशिवाय म्हणू नये.
कुंपण बहुधा नुसतंच आडवं झालंय.

गेल्या महिन्यात बाथर्स्टला गेले.
नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं
बाबांचं नाव दोनदा टाइप केलं, एकदा ‘देल्फिस’, एकदा ‘डेल्फिस’.
काहीच दाखल नाही, म्हणाली.
एकवीस महिने आम्ही एकमेकांना समजावत होतो
की कोर्टाला वेळ लागतो,
आणि कोर्टाला बाबा गेल्याचंसुद्धा माहीत नव्हतं.

“मी सल्ला देऊ शकत नाही हं,”
असं तीनदा म्हणून तिनं सगळं सांगितलं:
हिशेब मागता येतो.
वकिलांच्या संस्थेकडे तक्रार जाते.
तुम्हाला बाजूला करून दुसरं कुणी नेमा, असा अर्ज करता येतो,
उशिरानं झालेलं नुकसान मागायचं तर तो वेगळा खटला,
त्याला वेगळा वकील.
थांबताही येतं, म्हणाली. बरेच जण थांबतात.

ओझीम म्हणाला, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
तुम्ही त्याचे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या फोटोत
तुमच्याच हातात तो रडतोय.
अर्ज चार दिवस त्याच्या टेबलावर पडून होता,
पाचव्या दिवशी सही झाली,
डाव्या हातानं केल्यासारखी.

आणि हो, मी तुमच्या ऑफिसातही आले होते. गुरुवारी, साडेतीनला.
साहेब जेवायला गेलेत, लेओंतीन म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
तुमच्या खिडकीच्या फटीत
वारा येऊ नये म्हणून कागद खोचलेला होता,
चार घड्या घातलेला. निळी शाई. अक्षर माझं.
राग यायला हवा होता तेव्हा.
मनात आलं, चला,
एक तरी पत्र कामी आलं.

अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.
सुनावणी नऊ तारखेला, सकाळी साडेनऊ.
मी पायरी चढलेच नाही, ओझीमला सांगा.
बाजूला रॅम्प आहे.
तुम्हीही त्यावरूनच या, गुडघ्याला बरं पडेल.

खिडकीतला कागद राहू द्या.
एप्रिलपर्यंत वारा असतो.

— अल्फोंझिन, देल्फिसची मधली